गरी, पाहुणे आणि भरतीची वेळ

आपल्या भिवंडी तालुक्याच्या खाडीकाठावरून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या वेळी पापड-कुरडयांच्या हिशोबाबद्दल बोललो होतो. आज बोलायचं आहे ते पाहुण्यांना होडीतून गरवायला नेण्याबद्दल. म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीची कुटुंबं सुट्टीत आपल्याकडे येतात, त्यांना अर्धा दिवस खाडीत न्यायचं, पोराबाळांच्या हातात गरी द्यायची, मासा लागला तर लागला, आणि वेळेवर परत आणायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्या पहिल्या खेपेला ते मुळीच सोपं गेलं नाही, म्हणून तर हे बोलणं.

डिसेंबरची गोष्ट. डोंबिवलीचं एक कुटुंब आलं. आजी-आजोबा, आणि त्यांचा अमेरिकेतला मुलगा बायको आणि दहा वर्षांच्या नातवाला घेऊन तीन आठवड्यांसाठी आलेला. त्या पोराने तिकडे वडिलांबरोबर सॅमन मासा धरायची सहल केली होती. तिकडे अशा सहलीला वाटाड्या असतो, होडी त्याची, गरी त्याची. इकडे आल्यावर पोराचा एकच घोष, आजीच्या गावाकडेही मासे धरायला जायचं. आजोबांनी कोणाकोणाला विचारत आमचा फोन मिळवला. आम्ही तेव्हा नवशिक्या. म्हटलं, या की, कधीही या.

"कधीही या" हेच आमचं चुकलं.

त्या दिवशी दशमी होती. आमच्या धक्क्यावर सकाळी साडेआठच्या सुमाराला भरती पुरी होणार होती. पाहुण्यांना साडेसहाला बोलवायला हवं होतं, पण थंडीत एवढ्या सकाळी कोण येणार म्हणून आम्ही नऊ म्हटलं. पुलावर गाड्या अडकल्या, ते पावणेअकराला पोचले. चहापाणी होऊन अकराला होडी सुटली. तेव्हा पाणी उतरायला लागून अडीच तास झाले होते. आमच्यातल्या जाणत्या नाखवाने एकदा म्हटलंही, "पानी जाताय." पण पाहुणे लांबून आलेले, पोराचा चेहरा बघवेना. तिवरांच्या आतल्या पोटखाडीत गेलो. एकच्या सुमाराला परत फिरायला गेलो तर होडीचा तळ चिखलाला टेकला. वल्ह्याने रेटलं, दोघी उतरून ढकलायला गेल्या तर मांडीपर्यंत रुतल्या. दुसरी होडी तिथवर येऊ शकत नव्हती. साडेचार वाजेपर्यंत आम्ही तिथेच. सत्तरीच्या आजी, डोक्यावर ऊन, पिण्याचं पाणी दोन बाटल्या, आणि लघवीला जायची काही सोय नाही. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांची सून मात्र शेवटच्या तासाला रडायला आली. आम्हाला जे वाटलं ते सांगत नाही, तुम्ही बायका आहात, तुम्हाला कळेल.

आता हे साडेतीन तास का लागले ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. पाणी उतरत असताना होडी जिथे टेकते, तिथून ते आणखी खाली जातं, पूर्ण ओहोटी होते, आणि मग वर चढत परत त्याच पातळीला यायला साधारण तेवढाच वेळ घेतं. म्हणजे ओहोटी पुरी व्हायला एक तास असताना टेकलात तर सुटायला दोन तास. दोन तास असताना टेकलात तर चार. आम्ही पावणेदोन तास आधी टेकलो होतो, म्हणून साडेतीन. चढत्या पाण्यात टेकलात तर काहीच नाही, पाच-दहा मिनिटं बसा, होडी आपोआप उचलली जाते. म्हणून चढत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि भरती पुरी झाली की मागे वळायचं. पाहुणे मोठे, साहेब, अमेरिकेचे, कोणी का असेनात, खाडी त्यांच्यासाठी थांबत नाही.

भरतीची वेळ काढायचा हिशोब आपल्या आजे-पणजांपासूनचा आहे. तरण्या मुलींना तो माहीत नसतो, मोबाइलमध्ये बघतात. मोबाइलमध्ये जरूर बघा, पण हिशोबही यायला हवा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. येईल ती भरतीची वेळ, सकाळी तीच आणि संध्याकाळीही साधारण तीच. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती, बाराच्या आसपास ओहोटी. दशमी असेल तर साडेसात. द्वादशी असेल तर नऊ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पण ही वेळ समुद्रकिनाऱ्याची. खाडीत आत पाणी पोचायला वेळ लागतो. आमच्या धक्क्यावर सुमारे तासभर उशीर होतो. काल्हेरला वेगळा, डोंबिवलीच्या मोठागावला वेगळा, कल्याणला दुर्गाडीखाली आणखी उशिरा. तुमच्या धक्क्याचा उशीर किती, हे तुम्हीच पाहायला हवं. त्यासाठी एक खुंटी रोवा, तिच्यावर वीतभर अंतराने रंगाच्या रेघा मारा, आणि पंधरा दिवस रोज पाणी सगळ्यात वर कधी आलं ते वहीत लिहा. शाळेतली पोरंही हे आनंदाने करतात.

आता या हिशोबात कुटुंबाची सहल कशी बसवायची? डोंबिवलीहून माणसं आणायची तर त्यांना सकाळी आठच्या आत धक्क्यावर बोलवू नये असं आमचं मत झालंय. पोरं झोपेत असतात, आजोबांच्या गोळ्या असतात. होडी भरतीच्या दोन तास आधी सुटायला हवी. म्हणजे आमच्याकडे भरती दहा ते पावणेअकराला असेल तो दिवस चांगला. त्या तिथी येतात द्वादशी आणि त्रयोदशी. दुपारची सहल करायची तर तृतीया आणि चतुर्थी. थंडीत दुपारीही चालतं, एप्रिल-मेमध्ये मुळीच नको. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ फार, लहान पोरांना त्या दिवसांत आम्ही नेत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी शांत, पण भरती भल्या पहाटे, म्हणून ते दिवस धक्क्याजवळच राहणाऱ्या पाहुण्यांनाच द्यायचे.

त्यातून आपल्या लोकांचे वार आणि उपास वेगळेच. एकादशीला भरतीची वेळ छान, पण अर्ध्या घरांचा उपास. संकष्टीला दुपारची वेळ छान, पण तेच. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात, त्या दिवशी घरची बाई मासळीला हात लावत नाही. कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार. एका बाईंनी आम्हाला फोनवर सगळे वार सांगितले, शेवटी बुधवार उरला. हसायची गोष्ट नाही. बाहेर देशातही असंच आहे. स्कॉटलंडमध्ये नदीत सॅमनला गरी टाकायला रविवारी कायद्यानेच बंदी आहे. तिथे गेलेलं कुटुंब रविवार धरून बेत आखील तर काठावर बसून राहील. म्हणून तारीख ठरवताना समोर कालनिर्णय हवं. तिथी, वार आणि पाहुण्यांची परतीची गाडी किंवा विमान, तिन्ही एकदम बघा.

त्या अमेरिकेतल्या मुलाने, म्हणजे पोराच्या वडिलांनी, चिखलात बसल्या बसल्या आम्हाला तिकडची पद्धत सांगितली. आमच्यावर रागावण्याऐवजी तो बोलत राहिला याचं आम्हाला अजून नवल वाटतं. त्याचं ऐकून आणि नंतर विचारून जे कळलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकीही कोणाची लेक, भाची तिकडे असेल आणि तुम्ही कधी तिच्याकडे जाल.

सॅमन हा मासा नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो, तिथे काही वर्षं वाढतो आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीला येतो. प्रवाहाच्या उलट, धबधब्यांवरून उड्या मारत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला त्याच्या पाच जाती आहेत आणि त्या अंडी घालून झाल्या की मरतात. म्हणून तिकडे प्रत्येक जातीचे ठराविक महिने असतात. आपण विमानाचं तिकीट मे महिन्याचं काढलं आणि मासा ऑगस्टमध्ये येणार असेल, तर वाटाड्या कितीही चांगला असो, उपयोग नाही. तिकीट काढण्याआधी महिना विचारायचा. पाहुण्यालाही गरीचा परवाना काढावा लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. लहान मुलांचे नियम राज्याराज्यांत वेगळे. अलास्कामध्ये बाहेरून आलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलाला परवाना लागत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सोळा वर्षांखालच्या मुलालाही परवाना घ्यावा लागतो, फक्त त्याचे पैसे नसतात. किती मासे ठेवायचे त्याची मर्यादा असते, वरचे सोडून द्यायचे.

आणि ज्यांना मासे धरण्यात रस नाही त्यांचं काय? सिएटल शहरात बॅलार्ड नावाच्या भागात समुद्र आणि तळं जोडणारे पाण्याचे मोठे दरवाजे आहेत, १९१७ मध्ये सुरू झालेले. तिथे माशांना वर चढायला पायऱ्या बांधल्यात आणि जमिनीखाली काचेच्या खिडक्या आहेत. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की सॅमन तोंडासमोरून वर जाताना दिसतो. त्या आजी मागच्या वर्षी मुलाकडे गेल्या तेव्हा नातू आणि वडील होडीत, आणि आजी-सून या खिडक्यांपाशी. दुपारी सगळे एकत्र जेवले. आजी म्हणाल्या, "मला तर तेच बरं वाटलं, बाई. मासे पाहिले आणि पाय कोरडे."

हे ऐकून आमच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की आपण सगळ्या कुटुंबाला एका होडीत कोंबलं, तिथेच चुकलं. कुटुंबात गरवायची हौस एका-दोघांनाच असते. बाकीचे त्यांच्या आनंदासाठी आलेले असतात. म्हणून आता आम्ही होडीत हौस असलेल्यांनाच नेतो, सोबत आमच्यातल्या दोघी आणि नाखवा. बाकीच्यांसाठी धक्क्यावर मांडव आहे, खुर्च्या आहेत, स्वच्छ संडास आहे, भाकऱ्या थापायला हात लावायचा तर चूल आहे. थंडीत येणाऱ्या आजींना आम्ही ऐरोलीचंही सांगतो. तिथे वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीने रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो दाखवायला नेतात. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. त्या अभयारण्यात आपल्या मनाने पाहुण्यांना गरवायला न्यायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

पोराने आम्हाला विचारलेला प्रश्न मात्र राहिलाच. इकडे सॅमन कुठे आहे? हॉटेलांत पाटीवर 'इंडियन सॅमन' लिहिलेलं असतं तो आपला रावस. नावापुरता सॅमन, नातं काही नाही. आणि रावस हा खुल्या किनाऱ्याकडचा मासा, आमच्या चिखलाच्या खाडीत गरीला रावस लागेल असं पाहुण्याला सांगणं म्हणजे फसवणूक. आपल्या खाडीचा मानाचा मासा जिताडा. त्याचं सगळं सॅमनच्या उलट. तो अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे जातो आणि त्याची पिल्लं वर खाडीत, गोड्या पाण्याकडे येतात. आणखी एक गंमत, जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. रावसाचंही तसंच. म्हणजे सगळ्यात मोठा मासा धरला की ती बहुतेक अंड्याची मादीच असते. ही गोष्ट आम्ही होडीत सांगतो तेव्हा पोरं डोळे मोठे करून ऐकतात, आणि मोठा मासा परत सोडायला फारशी खळखळ करत नाहीत.

खरं तर आमच्याकडे गरीला जास्त करून लागते शिंगाळी, चिवणी, कधी बोय. काही वेळा काहीच लागत नाही. फोनवर आम्ही हेच आधी सांगतो की मासा लागेलच असं नाही. आधी आम्ही घाबरायचो की असं सांगितलं तर कोण येईल. पण नॉर्वेमध्ये जून २०२४ मध्ये सॅमन इतका कमी आला की सरकारने ऐन हंगामात तेहेतीस नद्यांवर मासेमारी बंद केली. लोकांचे बेत ठरलेले होते. इतक्या मोठ्या देशात मासा हुकमी नाही, मग आपण कशाला हुकमी म्हणायचं.

आता एक कडू गोष्ट. धरलेला मासा पाहुण्यांना तळून घालायचा नाही, असं आमच्या गटाने ठरवलंय. अंबरनाथ-उल्हासनगरकडून वालधुनीचं पाणी येतं, डोंबिवलीच्या कारखान्यांचं येतं, शहरांचं मैलापाणी येतं. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती आणि २०१५ मध्ये लवादाने नगरपालिका-महापालिका आणि कारखान्यांच्या सांडपाणी केंद्रांना दंड लावला होता. आमच्या सासवा सांगतात की दुर्गाडीच्या खाली पूर्वी टोपलीभर कोलंबी मिळायची. आज आम्ही स्वतः त्या पट्ट्यातलं फार खात नाही, मग दुसऱ्याच्या नातवाला कसं वाढायचं? मासा बघायचा, फोटो काढायचा, हलक्या हाताने सोडायचा. ताटात वाढायला मासळी भाऊच्या धक्क्यावरून आणलेली असते आणि आम्ही तसं सांगतो. गटात यावरून भांडण झालं होतं. दोघी म्हणाल्या, सांगायची गरज काय. पण सांगितल्यावर एकही पाहुणा उठून गेलेला नाही. उलट त्या आजोबांनी वालधुनीचं विचारून विचारून आमचं डोकं खाल्लं, ते निवृत्त शिक्षक.

सोडायचा मासा जगायला हवा, म्हणून गळाच्या टोकामागचा उलटा काटा आम्ही पक्कडीने चेपून टाकतो. मासा पटकन सुटतो आणि पोराच्या बोटात गळ घुसला तरी तो सहज निघतो. शिंगाळी आणि चिवणी सोडवायचं काम पाहुण्याला द्यायचंच नाही. त्यांच्या पंखांचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. त्यासाठी थर्मासभर गरम पाणी होडीत असतं. पाहुण्यांना वाटतं चहा आहे.

जाकिटांबद्दल थोडं कठोर बोलतो. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, जास्त माणसं भरली होती, लहान मुलं आणि शिक्षिका बुडाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगाने येणारी बोट धडकली, माणसं गेली. आपली खाडी उथळ आहे, काय होणार, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. उथळ पाण्याखाली मांडीभर चिखल असतो आणि त्यातून पोहता येत नाही. प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, नाखवासकट. आणि मुलांची जाकिटं वेगळी घ्या. आम्ही आधी एकाच मापाची दहा घेतली होती. विहिरीत पोहणाऱ्या आमच्याच एका पोराला घालून बघितलं तर पाण्यात जाकीट वर आणि पोरगं खाली सरकलं. दोन पायांमधून पट्टा येतो तसलं मुलांचं जाकीट हवं. पाच पाहुण्यांच्या वर एक माणूस घ्यायचा नाही, मग तो कितीही म्हणो की पोरगं मांडीवर बसेल.

कागदांचंही आताच बघा. पैसे घेऊन माणसं बसवायची तर होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते, मासेमारीचा परवाना त्याला पुरत नाही. गरवण्याबद्दल ठाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. लहान मासे धरण्यावरही राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम आणला, चौपन्न जातींच्या माशांचं कमीत कमी माप ठरवलंय, तो तक्ता मागून घ्या आणि मांडवात लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आमची होडी वल्ह्याची, तरी आम्हीही पावसाचे चार महिने पाहुणे घेत नाही. कांदळवनाच्या कडेला असणाऱ्या गावांसाठी २०१७ पासून सरकारची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आहे, त्यात गटांना निसर्ग पर्यटनासाठीही मदत मिळते. आपलं गाव त्यात आहे का, हे कांदळवन कक्षाकडे विचारायला फुकट आहे. मुरबाड-शहापूरच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे खाडी कुठे. तुमच्याकडे धरणं आहेत, पण तिथल्या मासेमारीचे हक्क बहुतेक वेळा संस्थांना दिलेले असतात. त्यांना विचारल्याशिवाय काही नको, आणि नेलंच तर काठावरून गरी टाका.

हे बायकांचं काम नाही असं तुमच्याही घरी कोणी म्हणेल. त्यांना वेंगुर्ल्याचं सांगा. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, तिवराची, पक्ष्यांची माहिती त्याच देतात. आमच्यातल्या तिघींना वल्हवता येत होतं ते लग्नाआधी माहेरी शिकलेलं, सासरी वीस वर्षं वल्ह्याला हात लावला नव्हता. आता हात भरून आलेत.

पैशांचा हिशोब असा धरा. समजा होडीचं भाडं आणि नाखवाची मजुरी मिळून बाराशे. सोबतच्या दोघींचे प्रत्येकी पाचशे. जेवण-न्याहारीचं सामान माणशी साठप्रमाणे पाच जणांचे तीनशे. तंगूस, शिसं, गळ, आमिषाची कोलंबी दीडशे. जाकिटं आणि विम्यासाठी बाजूला अडीचशे. झाले एकोणतीसशे. माणशी आठशे घेतले तर पाच जणांचे चार हजार, गटाकडे अकराशे उरतात. पण तिघंच आले तर? येतात चोवीसशे आणि खर्च होतो सत्तावीसशे ऐंशी. उलटे तीनशे ऐंशी आपल्या खिशातून. हे आम्ही तीन वेळा केलं, तेव्हा डोळे उघडले. आता दर माणशी नाही, होडीमागे सांगतो. चार हजारांना होडी, पाचपर्यंत कितीही या. परदेशातही बरेच वाटाडे असाच होडीचा दर घेतात असं त्या मुलाने सांगितलं होतं, आम्ही तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

फोन घेणारी बाई एकच ठेवा आणि तिच्याजवळ वही. किती जण, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं वय आणि गुडघे कसे, सगळ्यात लहान कोण, होडीत बसणार कोण आणि काठावर थांबणार कोण, मासे न खाणारे किती, आणि परतीची गाडी कधीची. एवढं विचारल्याशिवाय तारीख द्यायची नाही. शाकाहारी पाहुण्यांना वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी आवडते, त्यांना तोंडी लावण्यापुरतं वाटू नये एवढं करा. आणि शेवटी एक वाक्य ठरवून बोला, आमच्या फोनवालीचं ते पाठ झालंय, "आठ म्हणजे आठ. साडेआठला आलात तर जेवायला घालू, होडी सुटणार नाही." पहिल्यांदा हे बोलताना तिचा आवाज कापत होता.

दोनदा असं झालं की पाहुणे उशिरा आले आणि होडी सोडली नाही. एकदा ठाण्याचे एक गृहस्थ चिडले, पैसे परत घेऊन गेले. दुसऱ्यांदा आलेल्यांना आम्ही धक्क्यावरूनच पोरांना गरी टाकू दिली, काठीला तंगूस बांधून. पोरांना दोन बोय लागले. होडीतल्यांना त्या दिवशी काही लागलं नव्हतं.

ते अमेरिकेचं कुटुंबही परत आलं, जायच्या चार दिवस आधी. बोलवायची हिंमत आमची नव्हती, आजींनीच फोन केला. या वेळी त्या धक्क्यावर बसल्या आणि भाकऱ्या थापल्या, सून होडीत गेली. पोराला वीतभर चिवणी लागली. नाखवाने सोडवली, पोराने पाण्यात सोडली. पावणेअकराला सगळे मांडवात होते.

ज्यांना धक्क्यावर खुंटी रोवायची आहे त्यांनी अमावस्येला किंवा पौर्णिमेला ओहोटीच्या वेळी रोवा. तेव्हा पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि चिखलात पुढपर्यंत जाता येतं. खुंटी तिवराची तोडू नका, तो गुन्हा आहे. जुनी वल्हंही चालतात.